एका कुईंच्या मागे, मुलुंड ते मनोरी

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली एक बाई मागे नैनितालला जाऊन आली आणि तिनं महिनाभर आमचं डोकं खाल्लं. तळं असं, सफरचंद तसं, घोडा असा. मी गुपचूप ऐकून घेतलं. आता माझी पाळी! मी मुलुंडहून मनोरीला जाऊन आले. अंतर सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. दोन दिवस लागले, तीनदा बॉनेट उघडलं, एक चप्पल खाडीत गेली, आणि मी जे ऐकून आले ते त्या बाईला सात जन्मांत मिळायचं नाही. ज्यांनी ही वाट केली नाही त्यांच्यासाठी लिहिते.

प्रवासी तीन. गाडी चालवणारा माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. हा औषधांचे नमुने घेऊन डॉक्टरांकडे फिरतो, आणि पायी फिरून वैतागला म्हणून त्यानं एक जुनी फियाट घेतली. दुसरी मी, शुभा, दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडणारी. लाइनवर नुसती खरखर आली तरी ओल शिरलीय की जोड ढिला आहे, ते मी सांगते. आणि तिसरे आमचे अप्पा.

अप्पांनी अठ्ठावीस वर्षं परळच्या गिरणीत लूम चालवले. संप झाला, आणि संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. तेव्हापासून हा माणूस मुका झाल्यासारखा झाला. त्यात कानही गेलेले. लूमखात्यातल्या सगळ्यांचेच जातात. कुकरची शिट्टी, फोनची घंटा, बारीक म्हणून जे जे असेल ते त्यांना ऐकूच येत नाही. आपण काय बोलतो ते ते ओठांवरून ओळखतात आणि बरेचदा स्वतःही नुसते ओठच हलवतात, आवाज न काढता. लूमखात्यात असंच बोलायचे म्हणे, ओरडून उपयोगच नाही.

त्यांचा एकच उद्योग उरला होता, रंगवणं. देवगडचा माणूस, खाऱ्या वाऱ्यात वाढलेला. उघडं लोखंड दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. खिडकीचे गज, स्टोव्हचे पाय, अँटेनाचा खांब, सगळ्याला आधी लाल ऑक्साइड आणि वर हिरवा ऑइलपेंट. आमच्या घरात जास्त वेळ एका जागी बसायची सोय नव्हती!

मग दादानं घाटकोपरहून गाडीत टेप बसवून घेतला. मागच्या काचेखाली दोन स्पीकर. गावच्या भजनी मंडळाची एक कॅसेट आमच्याकडे पडून होती, त्यात अप्पांचे चुलतभाऊ बुवा म्हणून गातात. घरी अप्पांना ऐकू जाईल इतकी ती मोठ्यानं लावली की शेजारचे भिंत ठोकायचे. गाडीत काचा वर, स्पीकर डोक्यामागे, पखवाजाची थाप सीटमधून पाठीत! अप्पा दचकले. मग त्यांनी मांडीवर ताल धरला. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

पण दादानं गाडी सुरू केली मात्र, स्पीकरमधून निघालं कुईंऽऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की कुईं वर चढे, सोडला की खाली उतरे. सोबत टिकटिक वेगळी. गाडी बंद केली की सगळं गप्प. पण बंद गाडीत बाप-लेक किती वेळ बसणार? दादाला आधीच अर्धशिशी, पाच दिवसांत त्याच्या नाकी नऊ आले.

"शुभे, मी हा टेप परत देतो यार. डोकं फुटेल माझं."

दुकानदारानं आठ दिवसांचा शब्द दिला होता. रविवारी संध्याकाळी सातला मुदत संपणार. तोवर कुईं गेला तर टेप राहणार, नाही तर अप्पांची ती एकुलती एक जागा जाणार. म्हणून हा प्रवास.

शनिवार: घाटकोपर आणि अंधेरी

सकाळी निघालो. अप्पा पुढे, मी मागे स्पीकरला कान लावून. घाटकोपरला टेपवाल्या जयंतीभाईंचं दुकान. तिथे पोचल्यावर आधी ढोकळा आणि चहा, कामाचं नंतर. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, "चहा घेणार ना?" जयंतीभाई विचारतच नाहीत, बशी हातात देतात. ही रीत मला फार आवडली.

बशी संपल्यावर त्यांनी डायनामोला एक कंडेन्सर जोडून दिला, छोटीशी पत्र्याची डबी. "अब देखना बेन, एकदम शांती."

गाडी सुरू केली. कुईं जसाच्या तसा, झकास तब्येतीत!

"गाडी है ना बेन, थोडा आवाज तो आयेगा," जयंतीभाई म्हणाले. "नहीं जमे तो कल सात बजे तक ले आना. मेरा शब्द है."

मग अंधेरी. मरोळजवळ रस्त्याच्या कडेला सत्तारभाई नावाचे गाडीचे वायरमन बसतात, दादाच्या एका डॉक्टरनं नाव दिलं होतं. म्हातारा माणूस, बोटं काळी, पण वायर अशी हळू सोलत होते की बघत राहावं. समोरच्या इराण्याकडे दादानं आणि मी खिमापाव खाल्ला. अप्पांचा मारुतीचा शनिवार, त्यांनी बनमस्का चहात बुडवून खाल्ला आणि आमच्या बशीकडे एकदाही बघितलं नाही. एकदाच बघितलं.

सत्तारभाईंनी प्लगच्या वायरी बदलल्या. टिकटिक गेली! मी टाळ्याच वाजवल्या. पण कुईं तिथेच. मग त्यांनी टेपचं आवाजाचं बटण पार खाली केलं. भजन बंद झालं, कुईं तेवढाच राहिला. मी म्हटलं, अरे, हा कॅसेटमधून येत नाहीये, हा मागच्या दारानं शिरतोय!

आणि निघताना दादानं वळायचा दिवा लावला, तर स्पीकरमध्ये टक्, टक्, टक्. टेपचा बारीक दिवाही त्याच तालात मिचमिचायला लागला. मी ओरडलेच, "थांब थांब! हे क्रॉस कनेक्शन आहे! दोन नंबर एकाच लाइनवर आलेत!"

"बेटी, टेलिफोन अलग, गाडी अलग," सत्तारभाई हसून म्हणाले.

अशी चिडले मी! पण पुढे काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

परत येताना दादा म्हणाला, "वाट लागली. उद्या देऊन टाकू." तो बोलला समोर बघून, पण अप्पांनी त्याच्या ओठांवरून बरोबर उचललं.

"खंयचो आवाज?" अप्पा म्हणाले. मुंबईत चाळीस वर्षं झाली तरी ते मालवणीच बोलतात. "माका कायएक आयकाक येणा नाय. तुमका तो टेप परत देवचो आसा, म्हणान ह्या आवाजाचा नाटाक."

दादानं गाडी कडेला घेतली. "अप्पा, शपथ घेऊन सांगतो, आवाज येतो हो."

"माझी भजना नको झाली तुमका. तसा सांगा."

तो कुईं इतका बारीक की अप्पांच्या कानांना तो कधीच कळणार नव्हता. घर येईपर्यंत मागे बसून मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले.

रविवार: आरे, मार्वे, मनोरी

एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसते ती हिरा कोळी, मनोरीची. दोन वर्षं बोलावत होती. मी दादाला म्हटलं, टेप द्यायचाच आहे ना, तर शेवटचा एक दिवस अप्पांना फिरवून आणू. मनोरीला जेवू, येताना पवईवरून बाहेर पडलो की घाटकोपरकडे वळू. दादा बोंबलाच्या नावानं तयार झाला. अप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी स्वतःच कॅसेट आत ढकलली.

आरेचा रस्ता बघितला नसेल तर जरूर बघा. कांजूरमार्गाला कारखान्यांच्या वासानं नाक दाबून धरलेलं असतं, पवईला सोडावं, आणि आरेत छाती भरून श्वास घ्यावा. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच म्हशींचे गोठे. दुधाच्या स्टॉलवर गार दुधाची बाटली प्यायलो. अप्पांनी बाटली परत देताना बाटल्या ठेवायच्या लोखंडी जाळीकडे पाहिलं आणि बोटानं गंज खरवडला. मला हसू आलं.

मार्व्याला गाडी सुरूच्या झाडाखाली लावली. पलीकडे मनोरी, मध्ये खाडी, आणि गाडी काही होडीत चढत नाही. ओहोटी होती. होडीपर्यंत फळ्या टाकलेल्या. दादा फळीवरून उतरून ऐटीत चिखलात चालायला गेला, आणि त्याची उजवी चप्पल खाडीनं जी गिळली ती गिळलीच! डॉक्टरांकडे मिरवायची नवी चप्पल. होडीतल्या कोळणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पाही हसले, कालपासून पहिल्यांदा.

हिरा धक्क्यावरच उभी होती. "या गो बाय, या! कवरा उशीर! अन् ह्या दादाची एक चप्पल कुठं?"

जेवण काय सांगू! बोंबील असे ताजे की कढईत पडताना थरथरत होते. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, कांदा. आमच्या घरी कालवण म्हणजे निम्मा नारळ आणि वर तिरफळ. हिराच्या घरी नारळ औषधालाही नाही, सगळी करामत मसाल्याची. अप्पांनी पहिला घास घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "नारळ खंय आसा ह्येच्यात?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. हिरा खो खो हसली. "अप्पा, नारळ आमी दर्याला देतो, कालवणात घालत नय." अप्पांनी तीनदा वाढून घेतलं.

जेवणानंतर हिराचा भाऊ पांडू आम्हाला त्याची होडी दाखवायला घेऊन गेला. पांडू गावातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. होडी किनाऱ्यावर ओढलेली, इंजिन उघडं. मी आपली सहज वाकून बघत होते. बॅटरीपासून दिव्याला दोन तारा, भोंग्याला दोन तारा, प्रत्येकाला दोन दोन. आमच्या गाडीत तर मी एकेकच तार पाहिली होती.

"पांडू, दोन दोन कशाला रे?"

"होरी लाकराची," पांडू म्हणाला. "लाकरातून करंट जातो का? नय. म्हणून जी तार गेली, तिनं आपल्या पायानं परत बॅटरीकरं यायला पायजे. तुमच्या गारीला पत्र्याची बॉडी. एक तार नेली की झालं, परत यायला सगळा पत्रा हाय."

"आणि त्या पत्र्याची वाट कुठे अडली तर?"

"तर काय? दिव्याचा, डायनामोचा, सगळ्यांचा करंट एकाच बोळातून चेंगरून येनार. एकमेकांच्या पायात पाय."

देवाशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला! क्रॉस कनेक्शन! मी कालच ओरडले होते! वळायच्या दिव्याची टकटक टेपमध्ये येते, म्हणजे दोघं एकाच बोळातून परत येतात. टेप बिचारा निर्दोष, चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

"पांडू, चल! आत्ता चल! मार्व्याला!"

"अगो, चा तरी घेवा," हिरा ओरडत राहिली. मी थांबते कशाला? साडेतीन वाजले होते. पांडूनं एक लांब तार, पाने आणि कानस पिशवीत टाकली. दादा हिराच्या वडलांच्या वहाणा घालून फटक फटक माझ्या मागे. अप्पाही होडीत येऊन बसले, पण त्यांना मी काहीच सांगितलं नाही. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा कुईं निघाला तर?

मार्व्याला बॉनेट उघडलं. पांडूनं तारेचं एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला धरलं, दुसरं आत आणून माझ्या हातात दिलं. "मी बोललो की टेपच्या पत्र्याला टेकव."

दादानं गाडी सुरू केली. कुईंऽऽऽ. "टेकव!" मी टेकवलं.

गप्प! नुसता पखवाज आणि टाळ! तार काढली, कुईं. टेकवली, गप्प. काढली, कुईं. मी वेड्यासारखी चार-पाच वेळा तेच केलं. दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून बोंबलत होता, "गेला! आयला, गेला!" सुरूखाली बसलेली दोन माणसं उठून बघायला आली.

"आता बोळ कुठं अरलाय ते बघू," पांडू म्हणाला. तो इंजिनाच्या कडेनं हात फिरवत गेला. इंजिनापासून बॉडीच्या पत्र्याला एक तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी जोडलेली असते, पत्र्यातला करंट तिच्यातूनच परत बॅटरीकडे जातो. पांडूनं बोल्ट फिरवला, पट्टी बाजूला केली, आणि शीळ घातली.

पट्टीखाली लाल ऑक्साइड. ऑक्साइडवर हिरवा ऑइलपेंट. बोल्टलाही, वॉशरलाही. एक कणभर लोखंड उघडं नव्हतं. काम इतकं नीटस की पट्टी काढून, खाली दोन हात देऊन, वाळवून, वर बसवलेली.

"कोणा गाढवानं रंग..." दादा बोलायला लागला आणि मधेच थांबला. हिरवा रंग! मी दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही घाटकोपर, अंधेरी पालथी घातली, आणि कुईं आमच्याच घरच्या डब्यातला.

पण अप्पा समोर उभे होते. दादाचे ओठ त्यांनी वाचले होते.

"मिया," अप्पा म्हणाले. "गाडी इली त्या दिवशी. गंज चडतलो म्हणान." मग माझ्याकडे वळून, "म्हंजे आवाज खराच होतो?"

मी मान हलवली. अप्पांचा चेहरा एवढासा झाला. काल आमच्यावर घेतलेला सगळा आळ त्यांच्या डोळ्यांत दिसला. मी म्हणणार होते, जाऊ दे अप्पा, पण त्यांनी ऐकून घ्यायला माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पांडूच्या हातातली कानस घेतली.

तो पत्रा त्यांनी स्वतः घासला. आधी हिरवा गेला, मग लाल, मग खालून पांढरंशुभ्र लोखंड चमकायला लागलं. पट्टीच्या विणीतला रंग त्यांनी नखांनी एकेक तार सोडवून काढला. पांडू म्हणाला, "वा, काय हात हाय!" मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं विणलंय त्यांनी. बोल्ट आवळला, जास्तीची तार काढून टाकली. दादानं गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबला.

अप्पांना काय ऐकू येणार! ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"गेलो?"

मी त्यांना मिठीच मारली. पांडू आणि ती दोन अनोळखी माणसं बघत होती, बघू देत.

परतीची वाट

पांडूला होडीवर सोडलं. दादा त्या वहाणांवरच गाडी चालवत होता. आरे लागलं, काचा वर होत्या, टेप मोठा. अप्पांनी हात लांब करून बटण खाली केलं. मला वाटलं, रुसले.

"कसो होतो तो आवाज?" त्यांनी मागे वळून विचारलं. "काडून दाकव."

मी काढला. कुईंऽऽऽ. ते माझे ओठ बघत होते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर कसा, सोडल्यावर कसा, सगळं करून दाखवलं. ते पोट धरून हसले.

"आता आमचो आयक," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्डवर ठोका धरला. खटक् खटाक्, खटक् खटाक्. "असे चारशे लुमा. एका वक्ताक." गिरणी गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. पवईचं तळं येईपर्यंत ते लूमखात्याचं सांगत होते. कोण कुठे उभा राहायचा, धागा तुटला की काय खूण करायची.

"अन् आमी गावायचो थंय. मोट्यान, गळो फोडून. अठ्ठावीस वर्सां गायलंय मी. बाजूच्या लुमावरच्याक पण कदी आयकाक येवक नाय."

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. अप्पा गातात हे मला ठाऊकच नव्हतं. गाडीत त्यांचे ओठ हलायचे ते मी रोज बघत होते. मला वाटायचं, नेहमीसारखे नुसतेच हलतायत.

मी पुढे वाकून टेपचं बटण पार खाली केलं. गाडी चालू होती आणि स्पीकर पूर्ण गप्प होते.

"म्हणा," मी म्हटलं, ओठ नीट हलवून.

ते आधी लाजले, मग डॅशबोर्डवर ठोका धरून त्यांनी सुरू केलं. आवाज फुटका, सूर इकडेतिकडे, कारण स्वतःचा आवाज त्यांना पुरता ऐकू येत नाही. पण काय गळा मोकळा सोडला होता! काचा थरथरल्या असतील. दिवसभर ज्या कानांनी मी साऱ्या मुंबईचं बोलणं ऐकते, त्यांनी माझ्या बापाचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

कांजूरमार्गाचा नाका आला. उजवीकडे घाटकोपर, डावीकडे मुलुंड. दादाच्या घड्याळात सहा वाजून गेले होते, जयंतीभाईंची मुदत सातपर्यंत होती. अप्पा गाता गाता थांबले आणि दादाच्या हाताकडे बघायला लागले.

दादानं वळायचा दिवा लावला. स्पीकरमध्ये टकटक आली नाही. गाडी डावीकडे वळली, आणि अप्पांनी पुढची ओळ उचलली.